आजीची बोली आणि रानभाज्यांचा कोश

प्रश्न : माझे आजोळ सुरगाणा तालुक्यातले. आजी घरात कोकणा बोलते. आम्ही भावंडे नाशकात वाढल्याने आम्हाला ती बोली समजते, पण बोलता येत नाही. आजीला माहीत असलेल्या रानभाज्यांच्या नावांचा छोटा कोश करावा असे मनात आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींनी लोपलेली भाषा जुन्या पुस्तकावरून पुन्हा उभी केली, असे ऐकले. तो मार्ग आपल्याला उपयोगी पडेल काय?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. ॲडलेड परिसरातील काउर्ना भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती मानली गेलेली इव्हारिट्जी १९२९ मध्ये वारली. मात्र दोन जर्मन मिशनऱ्यांनी १८४० मध्येच या भाषेचे व्याकरण आणि सुमारे २,००० शब्दांचा संग्रह छापून ठेवला होता. त्याच्याच आधारे १९९० च्या सुमारास काउर्ना लोक आपली भाषा गाण्यांतून आणि वर्गांतून पुन्हा शिकू लागले. परंतु मिशनऱ्यांनी जे विचारलेच नाही, ते आज कोणाला विचारणार? आपली आजी समोर बसलेली आहे, त्यामुळे पुस्तकाचा मार्ग धरण्याची घाई करू नये.

नावांच्या कोशाबद्दल मला थोडी शंका आहे. शेवळ्याचेच पाहा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारा हा कोंब कोशात ‘एक रानभाजी’ एवढाच उरेल. पण तो नीट साफ केला नाही आणि काकड नावाच्या झाडाची आंबट फळे किंवा चिंच न घालता शिजवला, तर घसा खाजतो, हे ज्ञान नावात नसून भाजी निवडता निवडता आजी जे बोलते त्यात असते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील काकाडू येथील बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यांपैकी मे ते मध्य जूनचा ऋतू म्हणजे येग्गे. या दिवसांत कोरडे वारे सुटले आणि एका जातीच्या निलगिरीला फुले आली, की रानाचे लहान लहान तुकडे जाळण्याची वेळ झाली असे ते समजतात, कारण गवत अजून ओलसर असल्याने आग आटोक्यात राहते आणि पुढच्या कडक उन्हाळ्यातील मोठ्या वणव्यांना जळण कमी उरते. ‘येग्गे’ या शब्दासमोर नुसते ‘एक ऋतू’ असे लिहिले, तर यातले काहीच हाती लागत नाही.

म्हणून आजीला घरात बसवून यादी विचारू नये. तिच्याबरोबर रानात, बांधावर आणि चुलीपाशी जावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि प्रश्न मोडक्यातोडक्या का होईना, कोकणा बोलीतच विचारावेत, कारण आपण मराठीत विचारले की उत्तरही मराठीकडे झुकते. आजी चुका काढील, हसेलही. त्या दुरुस्त्याही ध्वनिमुद्रित होऊ द्याव्यात. प्रत्येक नोंदीसोबत तिथी, जागा आणि बोलणाऱ्याचे नाव असावे. लेखन देवनागरीतच करावे आणि उच्चार मराठीला जवळचा करून ‘शुद्ध’ करण्याचा मोह टाळावा.

औषधी झाडपाल्याची माहिती कानावर आली, तर ती मात्र परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक संस्थेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील जीवसृष्टी व तिच्याविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची नोंद, ठेवायची असते. तेव्हा ग्रामपंचायतीत ती पाहावी, आणि काय नोंदवायचे व काय गावातच ठेवायचे हे आजीला व गावातील जाणत्यांना ठरवू द्यावे. शेवळ्यांसाठी पावसाच्या सुरुवातीलाच आजोळी मुक्काम ठेवावा. श्रावणात गेलात तर ती हाती लागायची नाहीत.