पावसाळ्यात ग्रुप उभा पसरतोय? ब्रश जरा बाजूला ठेवा

इंदूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: बेंचरेस्टसाठी (टेबलावर टेकवून करायची नेमबाजी) बांधून घेतलेली .22 रिमफायर रायफल (पिन काडतुसाच्या कडेवर ठोका देते ती), स्टॉक म्हणजे दस्ता लाकडी. उन्हाळ्यात 50 मीटरवर पाच गोळ्या 10 मिमीत बसायच्या, जुलैपासून ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) उभा पसरून दुप्पट झालाय. रोज ब्रश आणि तांबं काढणारं सॉल्व्हंट मारूनही फरक नाही.

ते सॉल्व्हंट आधी बंद करा. परदेशी व्हिडिओत दाखवतात ती साफसफाई 6 पीपीसीसारख्या सेंटरफायर काडतुसांच्या रायफलींची (पिनचा ठोका मध्यावर बसतो त्या). तिथे गोळीवर तांब्याचं आवरण असतं. तुमची गोळी उघड्या शिशाची, त्यावर मेणासारखं वंगण. नळीत त्या वंगणाचा एकसारखा थर बसला की ग्रुप जमतो. तोच तुम्ही रोज पुसून काढताय. साफ केल्यावर दहा-वीस गोळ्या वाया गेल्याशिवाय नळी पुन्हा ताळ्यावर येत नाही. काडतुसाची कंपनी बदलली तरी तेच.

उभ्या पसरण्याचा पहिला संशय मी रेस्टवर, म्हणजे रायफल टेकवायच्या स्टँड आणि वाळूच्या पिशवीवर घेईन. इंदुरात मे कोरडा ठणठणीत, जुलैत हवा दमट. चामड्याची पिशवी ओलावा धरते आणि स्टॉक तिच्यात चिकटत सरकतो. रायफल हाताने मागे-पुढे सरकवून बघा: अडखळली, किंवा क्रॉसहेअर वर-खाली झाली, तर दोष तिथेच. पिशवीतली वाळू सुकवा, स्टॉकचा तळ पुसा, पिशवीच्या कानांवर चिमूटभर साधी टाल्कम चोळा. दर गोळीला स्टॉक पुढच्या स्टॉपला एकाच जोराने टेकवा.

मग स्टॉक. लाकूड फुगलं की नळीला टेकतं. कागदाची पट्टी नळीखालून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) दिशेने सरकवा, जिथे अडकेल तिथे खूण करा. त्यानंतर बेडिंग, म्हणजे अ‍ॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर असलेला धातूचा भाग) स्टॉकमध्ये कशी बसलीय ते: डायल इंडिकेटर स्टॉकच्या टोकाला बसवून त्याची टोकणी नळीला लावा आणि अ‍ॅक्शनचे स्क्रू एकेक करून सैल करा. काटा 0.05 मिमीहून जास्त हलला तर अ‍ॅक्शन ताणात बसलीय. स्क्रू पुन्हा आवळताना टॉर्क रेंचच वापरा, आकडा बनवणाऱ्याने दिलेलाच. 'हाताला बरोबर लागतंय' हे माप नव्हे.

बोल्टही उघडा. फायरिंग पिनवर जुनं ग्रीस घट्ट झालं असेल तर ठोका कमी-जास्त बसतो, गोळीचा वेग बदलतो आणि ग्रुप उभाच पसरतो. पिन आणि स्प्रिंग कोरडी पुसून तेलाचा नुसता हात फिरवा, ग्रीस फक्त लग्सना (बोल्ट अडकवून धरणारे दात). ट्रिगरमध्ये तेल टाकू नका. हलक्या ट्रिगरमध्ये तेलात धूळ बसली की सिअर (पिन रोखून धरणारा खटका) धरत नाही, आणि ते धोक्याचं आहे. काडतूस न घालता बोल्ट टिचकवायची सवय असेल तर तीही सोडा. पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पाडू शकते.

एवढं करूनही फरक पडला नाही, तरच नळीकडे वळा. रिमफायरमध्ये चेंबरच्या लगेच पुढे काचेसारखं कडक कार्बनचं कडं जमतं. काडतूस आत ढकलताना जड जायला लागणं हे त्याचं लक्षण. बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावा, कार्बन सॉल्व्हंटचा पॅच (कापडाचा तुकडा) त्या जागी 10-15 मिनिटं भिजू द्या, मग कांस्य ब्रश फक्त तेवढ्याच भागात थोडे वेळा फिरवा आणि कोरडे पॅच काढा. रॉड एकसंध हवा आणि मागूनच घाला. पॅच क्राउनबाहेर (नळीच्या तोंडाबाहेर) पडला की जॅग (पॅच धरणारं रॉडचं टोक) काढूनच रॉड मागे ओढा, म्हणजे क्राउनची कड शाबूत राहते. पॉलिशची पेस्ट अजिबात नको.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दरवेळी त्याच लॉटच्या गोळ्यांनी पाच-पाचचे किमान चार ग्रुप घ्या. एकट्या ग्रुपवरून काहीच ठरत नाही. बेडिंग ताणात निघालं तर रायफल परवानाधारक गनस्मिथकडेच द्या. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, ओळखीचा लेथवाला चालत नाही.

घरी फोमच्या केसमध्ये ठेवू नका, फोम ओलावा धरून ठेवतो. स्टेनलेस नळीलाही गंज चढतो. कुलूपबंद कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर सुकवा. एसीच्या खोलीतून रायफल थेट दमट हवेत काढू नका. केस बंदच ठेवून ती बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर नळीत पाणी धरेल.