४के व्हिडिओ एडिटिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी फुटेज तपासा

मॉडेल ठरवण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याची एक क्लिप ‘मीडियाइन्फो’ या फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फॉरमॅट, बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती ठेवली आहे), एवढ्या तीन ओळी वाचा. तिथे एचईव्हीसी (एच.२६५ हा व्हिडिओ फॉरमॅट), १० बिट, ४:२:२ दिसलं, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० किंवा ४० मालिकेतलं कितीही महागडं कार्ड ते फुटेज स्वतःच्या हार्डवेअरवर डिकोड करत नाही, म्हणजे उलगडत नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. एनव्हिडियाने ही सोय ५० मालिकेत दिली. इंटेलच्या १२व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये मात्र ती आहेच. म्हणून थोडे पैसे वाचवायला नावापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्यात अंगभूत ग्राफिक्स मिळत नाही.

दुसरी गोष्ट व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शनचे (चित्रातले दाणे कमी करण्याचे) दोन-तीन नोड, म्हणजे इफेक्टचे टप्पे, चढवले की ८ जीबी अपुरी पडू लागते, आणि रेंडर मध्येच थांबून मेमरी भरल्याचा संदेश येतो. बजेट तंग असेल तर वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचंच बघा. याच नावाने ८ जीबीचंही कार्ड विकलं जातं, त्याची बस (मेमरीकडे जाणारा डेटाचा मार्ग) १२८ बिटची आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा: १२२८८ एमबी आणि १९२ बिट दिसलंच पाहिजे. कार्ड १७० वॅटचं आहे, ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुरतो.

एवढंही जमत नसेल तर १०८०पी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवून काम सुरू करा.