विचारा, सांगतो : कचरा गप्प केला की सोनंही गप्प बसतं

प्रश्न : कांद्याच्या खुरपणीत माझी अंगठी वाफ्यात पडली. 4 ग्रॅमची, 22 कॅरेटची, सासूबाईंनी लग्नात घातलेली. भाच्याने मेटल डिटेक्टर मागवला. पहिल्या दिवशी मशीन पावलापावलाला कोकलत होतं. निघालं काय, तर खिळे, गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद आणि बाटल्यांची बुचं. मग त्याने सेटिंग बदलून हा सगळा कचरा बंद केला. आता मशीन शांत आहे, पण दोन दिवस फिरूनही अंगठी नाही. सेटिंग कुठे ठेवावं?
— एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : ताई, भाचेबुवांनी कचऱ्याबरोबर तुमची अंगठीही बंद करून टाकली आहे.

त्याला रागावू नका, मीही हेच केलंय. 24 वर्षं ही यंत्रं दुरुस्त करतोय, तरी बायकोची कुडी अंगणात पडली तेव्हा शहाणपणाने चंदेरी कागदाचा पट्टा (यंत्रावरचे त्याचे आकडे) बंद करून दोन संध्याकाळी फिरलो. तिसऱ्या दिवशी सगळे पट्टे उघडले आणि दहा मिनिटांत तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी बारीकसा ‘टुक’ आला. फिरकी मातीत रुतलेली, मोती वर. दोन दिवस त्यावरूनच कॉइल, म्हणजे यंत्राची खालची तबकडी, फिरवत होतो. घरात माझ्या ज्ञानाला त्यानंतर काय भाव उरला, ते विचारू नका.

यंत्राला सोनं ओळखता येत नाही. कॉइलचं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, तिथल्या धातूत वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि तिचा प्रतिसाद किती रेंगाळतो यावरून यंत्र एक आकडा काढतं. लोखंड तळाला, चांदीचा जाड रुपया वर. सोनं विजेचं उत्तम वाहक आहे, पण अंगठी लहान, पातळ आणि तिच्यात तांबं किंवा चांदी मिसळलेली. त्यामुळे तिचा आकडा खाली घसरतो आणि नेमका ॲल्युमिनियमच्या पंगतीत जाऊन बसतो : गोळ्यांचं पाकीट, थंड पेयाच्या डब्याची कडी. ती पंगत उठवलीत की अंगठीही उठली.

तेव्हा डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गप्प करायचं सेटिंग, फक्त लोखंडापुरतं ठेवा, बाकी सगळं उघडं. मशीनवर ‘ज्वेलरी’ असं बटण असेल तर नावाला भुलू नका. आधी त्याच वजनाची दुसरी अंगठी घ्या, दोऱ्याला बांधा (बांधाच, नाहीतर मला दुसरं पत्र येईल) आणि तीन-चार इंच मातीखाली ठेवून कॉइल फिरवा. एकदा आडवी ठेवून, एकदा उभी ठेवून. जे आकडे येतील ते वहीत लिहा. प्रत्येक कंपनीचा आकड्यांचा हिशेब वेगळा, म्हणून इंटरनेटवरचा आकडा तुमच्या कामाचा नाही. त्या आकड्यांच्या थोडं खाली-वर जे वाजेल ते उकरायचं. चंदेरी कागद निघणारच, त्याला इलाज नाही. अंगठीचा टाका सुटला असेल तर वीज वेढा पूर्ण करू शकत नाही आणि आकडा आणखी खाली येतो, हेही ध्यानात असू द्या. (साखळी असती तर काम याहून अवघड होतं. तिची एकेक कडी यंत्राला सुटी दिसते, वाजलाच तर हूक वाजतो.)

आता जमीन. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाफ्यातून ओढा. त्याला काळ्या मिशा फुटतील. बसाल्टच्या खडकातून आलेली ही लोहकणांची भुकटी यंत्राला सतत चिडवत असते. त्यासाठी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीकडे कानाडोळा करायला यंत्राला शिकवणं. जिथे काही वाजत नाही अशा जागी कॉइल फूटभर वर न्यायची, दोन इंचांपर्यंत खाली आणायची, पुन्हा वर. वर-खाली करताना आवाज एकसारखा राहिला की जमलं. वाफसा बदलला, पाणी दिलं, की पुन्हा करायचं.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ते, शेवटपर्यंत पिळायचा मोह सगळ्यांना होतो. मशीन बडबडायला लागलं की दोन पायऱ्या खाली या. बडबडीत बारीक ‘टुक’ हरवतो. त्याआधी रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन बंद करा, मोबाइल बांधावर ठेवा, आणि हातातलं खुरपं लांब. फ्रीक्वेन्सी बदलता येत असेल तर वरची निवडा, 15-20 किलोहर्ट्झच्या आसपासची. बारीक सोन्याला ती जास्त मानवते.

फिरवायचं कसं, यात खरी गोम आहे. बहुतेक जण झोका देतात, टोकाला कॉइल फूटभर वर जाते आणि तिथली जमीन पाहिलीच जात नाही. तुम्ही सारवताना हात कसा नेता? जमिनीला सपाट, सावकाश, प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्मा चढवून. अगदी तसंच. सुतळी ताणून दोन-दोन फुटांचे पट्टे पाडा आणि कांद्याच्या पातीमुळे कॉइल वर राहत असेल तर काढणीनंतर पुन्हा एक फेरी मारा. रोटाव्हेटर मात्र तोवर घालू देऊ नका.

आणि अर्ध्या एकराआधी पाटाजवळ बघा, जिथे तुम्ही हात धुतलेत. चिखलाच्या ओल्या बोटावरून अंगठी सटकते ती बहुधा तिथेच.

प्रश्न : आमच्या गावात एक जण दोन किलोमीटरवरून फक्त सोनं दाखवणारं, अँटेनाचं यंत्र 80 हजारांना विकतोय. घ्यावं का?
— एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर : नको. वर सांगितलंच, चार इंचांवरूनही यंत्राला सोनं आणि ॲल्युमिनियम यांत घोळ होतो. अशीच हलती अँटेना लावलेलं ‘एडीई 651’ नावाचं बनावट यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं. त्याचा जन्म गोल्फचे चेंडू शोधायच्या एका गमतीच्या वस्तूतून झाला होता. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 साली लंडनच्या न्यायालयाने 10 वर्षांची शिक्षा ठोठावली.

तुमच्या पाहुण्याला घराबाहेर उभा करा, पाच वाट्या उपड्या घाला, एकीखाली अंगठी ठेवा आणि मग आत बोलवा. असं दहा वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या वाटीपाशीच त्याला दुसऱ्या गावची आठवण येईल. चहा मात्र पाजा, ऊन फार आहे.