एकाच ५जी सिमवर कॅमेरा आणि पीएलसी: दोघांना वेगळी सुरक्षा लावता येते का?
हो, येते, पण बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या फाउंड्रीत कॅमेरे आणि भट्टीचा पीएलसी (भट्टी चालवणारा नियंत्रण-संगणक) यांना सिमच्या राउटरवरून वेगवेगळी पीडीयू सेशन्स (नेटवर्कमधल्या स्वतंत्र डेटा-जोडण्या) द्यावी लागतील, सहसा प्रत्येकाला वेगळा डीएनएन, म्हणजे जोडणी कुठल्या डेटा-नेटवर्कला जाते त्याचं नाव, देऊन. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या टीएस ३३.५०१ या ५जी सुरक्षा-मानकाप्रमाणे सुरक्षेचं धोरण अख्ख्या सेशनला लागतं. ऑपरेटरच्या नेटवर्कमधला सेशन सांभाळणारा भाग, एसएमएफ, टॉवरला सांगतो, एन्क्रिप्शन (डेटा वाचता न येणं) आणि इंटिग्रिटी (डेटा वाटेत बदलला तर कळणं) 'आवश्यक', 'शक्यतो' की 'नको'. पीएलसीला दोन्ही 'आवश्यक' मागाच. नुसतं एन्क्रिप्शन असेल तर न वाचताही वाटेत बिट उलटवता येतो, आणि भट्टीला भलताच आदेश जातो. 'शक्यतो'वर अजिबात भागवू नका, टॉवरला जमलं नाही तर सेशन तसंच उघडं सुरू होतं. हे सेटिंग ऑपरेटरकडे असतं, राउटरमध्ये सापडणार नाही. मात्र हे कवच राउटर ते टॉवर एवढंच. पुढे सर्व्हरपर्यंत व्हीपीएन तुम्हालाच लावावं लागेल.