नकल बॉल म्हणजे नक्कल केलेला बॉल का?

प्रश्न : मॅच बघताना कॉमेंट्रीवाले मधेच म्हणतात, 'नकल बॉल टाकला'. मला आपलं वाटायचं नक्कल केलेला बॉल, म्हणजे फास्टची ॲक्टिंग करायची आणि स्लो सोडायचा. नातू म्हणतो शब्द बेसबॉलमधला आहे, अर्थ वेगळाय. कोण बरोबर?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका, नातू बरोबर आहे. आपण सातबाऱ्याची नक्कल काढतो त्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत नकल म्हणजे बोटाचा सांधा, मूठ वळली की वर उंचवटे दिसतात ना, ते. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत बेसबॉलचे काही पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, बोटं दुमडून सांध्यांवर बॉल धरायचे, एडी सिकॉट नावाच्या पिचरला तर लोक 'नकल्स'च म्हणायचे. पुढं पकड बदलली, आता बोटांची टोकं नि नखं बॉलवर रोवतात, पण नाव तेच चिकटलं ते चिकटलं.

आणि खरी जादू काय तर हा बॉल फिरतच नाही. बाकीचे सगळे बॉल गरगरत जातात, हा पिचरपासून बॅटरपर्यंतच्या साडेसाठ फुटांत जेमतेम एखादा फेरा घेतो, मग वर आलेली शिवण जशी असेल तशी हवा त्याला ढकलते, आधी इकडं मग तिकडं, बॅटरला सोडा, टाकणाऱ्यालासुद्धा सांगता येत नाही कुठं जाईल, म्हणून मागं बसलेला कॅचर नेहमीपेक्षा मोठा ग्लोव्ह घालतो. वेग साधारण ताशी १०५ ते १२० किमी, फास्टबॉल १४५ च्या पुढं असतो. हातावर ताण कमी, त्यामुळं फिल निएक्रो ४८ वर्षांचा होईपर्यंत पिचिंग करत होता, नावावर ३१८ विजय! मला ह्या माणसाबद्दल फार आदर आहे. त्याचा भाऊ जो निएक्रो पण हाच बॉल टाकायचा, १९८७ मध्ये भर मॅचमध्ये त्याच्या खिशातून नखं घासायची पट्टी निघाली, तो म्हणाला नखांसाठीच लागते, पण बॉल खरवडल्याचा संशय होता, १० मॅचची बंदी बसली. नख एवढं महत्त्वाचं, एक तुटलं की पकड गेली.

क्रिकेटमध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं २०११ च्या वर्ल्डकपमध्ये हा बॉल गाजवला. इथं मात्र भर हेलकाव्यांपेक्षा वेग उतरवण्यावर असतो, रनअप तोच, हात तेवढ्याच जोरात फिरतो नि बॉल उशिरा पोचतो, म्हणजे तुम्ही म्हणता ती फास्टची ॲक्टिंग क्रिकेटपुरती खरीच आहे, फक्त नाव त्यावरून पडलेलं नाही.

घरी करून बघा. टेनिस बॉलवर काळ्या मार्करनं गोल रेघ मारा, नातवाला वीस पावलांवर उभा करा नि बॉल बोटांच्या टोकांनी धरून पुढं ढकलल्यासारखा सोडा. फिरला तर रेघ पुसट होते, नाही फिरला तर जशीच्या तशी दिसते. मी आमराईत भाच्याबरोबर केलं, पहिले दहा-बारा बॉल सगळे फिरले, मग एकदा रेघ अगदी स्वच्छ दिसली, भाचा तिकडनं ओरडला, "मामा, दिसली दिसली!"