वाचक विचारतात : झाडावरच्या छाटणीसाठी हलका चेनसॉ

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ झाडांच्या छाटणीची कामे घेतो. दोराच्या आधाराने झाडावर चढून काम करावे लागते, म्हणून वरच्या मुठीचा चेनसॉ घेण्याचा विचार आहे. २५ सीसीचा सर्वांत हलका घ्यावा की ३५ सीसीचा, हे ठरत नाही. माहितीपत्रकांवरून वजनातला फरक दीड किलोच्या आत दिसतो. शक्ती मात्र दीडपटीहून अधिक मिळते. मग मोठाच का घेऊ नये?

उत्तर : माहितीपत्रकातला वजनाचा आकडा रिकाम्या यंत्राचा असतो, त्यामुळे तुलना तिथेच फसते. त्या आकड्यात बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) नसतो, चेन नसते आणि दोन्ही टाक्या कोरड्या असतात. स्टिल कंपनीच्या एमएस २०१ टीसी-एम या ३५.२ सीसीच्या यंत्राचे वजन ३.७ किलो दिलेले असते. त्यावर ३५ सेंटिमीटरचा बार व चेन चढवून सुमारे ०.३१ लिटरची इंधनाची आणि ०.२२ लिटरची तेलाची टाकी भरली, की हातात प्रत्यक्ष येते ते पावणेपाच किलोच्या आसपास. याउलट एको कंपनीचे सीएस-२५११ टीईएस हे २५ सीसीचे यंत्र रिकामे २.३ किलोचे आहे आणि त्याला आखूड बार लावून टाक्या भरल्या, तरी ते साधारण तीन-सव्वातीन किलोवर राहते. म्हणजे कागदावर दीड किलोच्या आत असलेला फरक झाडावर दीड किलोच्या पुढे जातो. शिवाय हे वजन आपण छातीशी धरत नाही. हात लांब करून, कित्येकदा खांद्याच्या वर धरतो. संध्याकाळपर्यंत मनगट आणि खांदा त्याचा हिशेब चुकता करून घेतात.

या दोन टोकांच्या मध्ये आणि आसपासही पर्याय आहेत. स्टिलचेच एमएस १५१ टीसी-ई हे २३.६ सीसीचे, १.१ किलोवॉटचे यंत्र २.६ किलोचे आहे. एमएस १९४ टी हे ३१.८ सीसीचे, १.४ किलोवॉटचे यंत्र ३.३ किलोचे. हस्कवर्नाचे टी४३५ हे ३५.२ सीसीचे यंत्र १.५ किलोवॉट शक्ती देते व ३.४ किलो भरते, तर त्यांचेच टी५४० एक्सपी हे ३७.७ सीसीचे यंत्र १.८ किलोवॉट व ३.९ किलो. आकडे असे शेजारी मांडले, की एक गोष्ट दिसते : ३.३ ते ३.४ किलोची मधली यंत्रे वजनाने मोठ्या यंत्रांच्या जवळ आहेत, पण शक्तीने त्यांच्या बरोबरीची नाहीत. माझ्या मते हा वर्ग बहुतेकांनी तडजोड म्हणून घेतलेला असतो आणि तडजोडीसारखाच वापरला जातो. अधूनमधून काम करणाऱ्याला तो ठीक; रोज झाडावर असणाऱ्याने एका टोकाची निवड करावी, हे बरे.

कोणते टोक, हे फांदीच्या जाडीवर ठरते. आपण ज्या फांद्या कापता त्यांतल्या बहुतेक १५ सेंटिमीटरच्या आतल्या असतील, तर २५ सीसीचे यंत्र कुठेही अडत नाही. या लहान यंत्रांवर बहुधा पाव इंची चेन असते (हे माप चेनच्या दुव्यांमधल्या अंतराचे). तिचे दात लहान व एकमेकांच्या जवळ असतात, त्यामुळे काप अरुंद आणि गुळगुळीत येतो, जो छाटणीत हवाच असतो, आणि बारीक फांदीत यंत्र हिसका कमी देते. तिची अडचण धार लावताना कळते : दात बारीक म्हणून कानसही बारीक लागते. स्टिलच्या पाव इंची चेनला ३.२ मिलिमीटरची गोल कानस लागते, तर मोठ्या यंत्रांवरच्या बुटक्या ३/८ इंची चेनला ४ मिलिमीटरची. धार उतरली आहे की नाही, हे ओळखायला भुसा पाहावा. चेन धारदार असेल तर बारीक कपटे उडतात. पिठासारखी भुकटी उडू लागली आणि यंत्र दाबल्याशिवाय पुढे जाईना, की समजावे. लहान यंत्रात शक्तीची शिल्लक नसते, म्हणून बोथट चेन ते मुळीच खपवून घेत नाही. त्यावर ‘ताकद कमी’ असा ठपका बहुधा याच कारणाने बसतो. दुसरीकडे, वाळलेले टणक लाकूड किंवा २५-३० सेंटिमीटर जाडीचे खोड वरून तुकड्या-तुकड्याने उतरवणे हे आपले नित्याचे काम असेल, तर ३५ सीसीच्या वर्गाला पर्याय नाही.

विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. बार, चेन चढवलेले आणि टाक्या भरलेले यंत्र, इंजिन बंद ठेवून, फक्त वरच्या मुठीने उचलावे आणि बारचे टोक कुठे झुकते ते पाहावे. टोक किंचित खाली राहिले तर तोल चांगला. ते झपकन जमिनीकडे जात असेल, तर बार यंत्राला लांब होतो आहे. ३५ सेंटिमीटरऐवजी ३० किंवा २५ सेंटिमीटरचा बार लावून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. त्याच वेळी मागच्या बाजूला दोर अडकवण्याची कडी आहे ना आणि हातमोजे घातलेल्या बोटांनी ती सापडते ना, तेही पाहावे. इंधनाचे आणि तेलाचे झाकण हत्याराशिवाय उघडते का, हा प्रश्न दुकानात क्षुल्लक वाटतो, झाडावर वाटत नाही.

आपण छाटणीच करता, म्हणून माझा कौल लहान यंत्राला आहे. खोडाचे जाड काम खाली आल्यावर मागच्या मुठीच्या साध्या चेनसॉने करावे. वरच्या मुठीचे यंत्र जमिनीवर वापरणे हा त्याचा गैरवापर आहे. आयएसओ ११६८१ या मानकाचा दुसरा भाग खास याच यंत्रांसाठी आहे, आणि त्यात ती प्रशिक्षित माणसाने झाडावरच्या कामासाठी वापरायची यंत्रे म्हणूनच गृहीत धरली आहेत.

प्रश्न : बॅटरीवरची यंत्रे आता पेट्रोलच्या तोडीची झाली आहेत, असे ऐकतो. ती खरोखर हलकी असतात का?

उत्तर : इथेही तोच आकड्यांचा घोळ आहे. स्टिलचे एमएसए १६१ टी हे २.१ किलोचे, तर हस्कवर्नाचे टी५३५आय एक्सपी हे २.४ किलोचे म्हणून दिलेले असते, पण बॅटरीशिवाय. बॅटरीच सव्वा ते पावणेदोन किलोची असते. ती बसवल्यावर यंत्र लहान पेट्रोल यंत्राहून जड होते, आणि पेट्रोलची टाकी जशी कामाबरोबर हलकी होत जाते, तशी बॅटरी होत नाही. बॅटरी कमरेला किंवा पाठीवर बांधून तारेने जोडण्याची सोय काही यंत्रांना असते. हातातले वजन त्याने उतरते, मात्र फांद्यांच्या जाळीत ती तार सांभाळणे हे एक वेगळेच काम होऊन बसते.

असे असूनही छाटणीत बॅटरीचे यंत्र मला अधिक सोयीचे वाटते. छाटणी म्हणजे दहा सेकंदांचा काप आणि पुढच्या फांदीपर्यंत पोहोचायला पाच मिनिटे. या पाच मिनिटांत पेट्रोलचे इंजिन एकतर रिकामे फिरत राहते किंवा अवघडलेल्या स्थितीत दोरी ओढून पुन्हा चालू करावे लागते. बॅटरीच्या यंत्राला हे दोन्ही त्रास नाहीत, आणि खालच्या माणसाची हाक ऐकू येते, हा तर सुरक्षिततेचाच भाग झाला. पण त्याचा शांतपणा फसवा असतो. यंत्र गप्प आहे म्हणजे बंद आहे, असे नसते; बोट घोड्यावर गेले की चेन क्षणात पूर्ण वेगाने धावते. म्हणून प्रत्येक कापानंतर ब्रेक लावण्याची सवय इथे अधिकच काटेकोर हवी. जाड लाकडाचे दिवसभराचे काम असेल आणि जवळपास चार्जिंगची सोय नसेल, तर पेट्रोललाच चिकटून राहावे.

प्रश्न : यंत्र इतके हलके आहे, तर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापता येईल ना? पुष्कळ जण तसे करताना दिसतात.

उत्तर : करताना दिसतात, हे खरे, करू नये. वरच्या मुठीच्या यंत्रात दोन्ही मुठी एकमेकींच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागून यंत्र उसळले, तर दोन हातांनीही ते आवरणे अवघड जाते. एका हाताने धरलेले यंत्र मनगटाभोवती गर्रकन फिरते, आणि त्याच्या वाटेत मान किंवा खांदा असतो. ज्या हाताने फांदी धरलेली असते, तो तर चेनच्या थेट पुढ्यात असतो. हातात धरता येईल एवढी फांदी कापायला यंत्राची गरजच नाही. कमरेच्या म्यानातली वक्र पात्याची हातकरवत काढावी. चार-पाच सेंटिमीटरची ओली फांदी ती काही ओढींतच उतरवते.