‘स्वयम’वरचा (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एनपीटेलचा कोर्स घेतोयस? आधी हे बघ

एनपीटेलचा, म्हणजे आयआयटी-आयआयएससीच्या उपक्रमाचा, कोर्स शिकायला फुकट, पैसे पडतात ते परीक्षेचे. परीक्षा घरबसल्या नाही, केंद्रावर जाऊनच. फॉर्म भरताना शहरांची यादी नीट बघ, जतहून पहाटेची एसटी धरून वेळेत पोचता आलं पाहिजे.

१२ आठवड्यांच्या कोर्सला चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखादी हुकली तर रडत बसू नकोस. पण प्रमाणपत्राला असाइनमेंटचे २५ पैकी १० आणि परीक्षेचे ७५ पैकी ३० दोन्ही हवेतच. एकीकडची भर दुसरीकडे चालत नाही. असाइनमेंट मुदतीच्या शेवटच्या रात्री अकराला उघडून बसलास आणि लाईट गेली, तर बोंबलून उपयोग नाही.

या कोर्सचं क्रेडिट (श्रेयांक) कॉलेज डिग्रीत धरणार का, ते नोंदणीआधीच सरांकडून लेखी घे. तोंडी ‘हो’ निकालाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.